सामायिक तक्त्याचा धनी कोण? कीड सर्वेक्षणाच्या ऑनलाइन नोंदी आणि प्रवेशाधिकारांचे व्यवस्थापन

वाराणसीत दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे निघाले की अहिल्याबाई घाटानंतर मुन्शी घाट लागतो. नागपूर राज्याचे अर्थव्यवहार पाहणारे श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. घाटाचा एक भाग १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला. तो आज दरभंगा घाट म्हणून ओळखला जातो. पायऱ्या उतरून गंगेचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी येथे कोणाची परवानगी लागत नाही. यात्रेकरू, नावाडी, फुले विकणारे सगळेच ये-जा करतात. वास्तूची मालकी मात्र एकाकडून दुसऱ्याकडे व्यवहार होऊनच गेली. ये-जा करणारा, तेथे दुकान मांडणारा आणि मालक हे तिघे एकाच दगडी पायरीवर उभे असले तरी त्यांचे अधिकार एक नव्हेत, हे घाटावर कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ऑनलाइन सामायिक तक्त्याच्या बाबतीत मात्र हाच भेद पदवीधर, प्रसंगी आचार्य पदवीधारक मंडळींच्याही लक्षातून निसटतो.

कृषी संशोधनात ‘समन्वित’ हा शब्द रोजच्या वापरातला आहे. वाराणसीजवळच जखिनी येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे आणि अखिल भारतीय समन्वित भाजीपाला संशोधन प्रकल्पाचे सूत्रसंचालन तेथून होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या राज्योराज्यीच्या केंद्रांवर एकाच चाचणीची निरीक्षणे घेतली जातात आणि ती एकत्र करून वाणाबाबतची शिफारस ठरते. समन्वित काम म्हणजे एकाच नोंदवहीवर अनेकांचे हात. नोंदवही कागदाची होती तोवर ती प्रयोगशाळेच्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली एका माणसाकडे असे. तक्ता ऑनलाइन झाला, कपाट नाहीसे झाले, आणि किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न विचारण्याची सवयही त्याबरोबर गेली.

नोंदविणारा, तपासणारा, सल्ला देणारा

महाराष्ट्राला या प्रश्नाचे एक चांगले उत्तर घरातच सापडते. २००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्याचा कृषी विभाग, चारही कृषी विद्यापीठे आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्था यांनी मिळून पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. ‘क्रॉपसॅप’ या नावाने तो सर्वांना परिचित आहे. त्याची तांत्रिक बाजू नवी दिल्लीच्या राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राने उभी केली. त्यातील कामाची विभागणी लक्षात घेण्याजोगी आहे. कीड सर्वेक्षक गावातील ठरलेल्या व यादृच्छिक निवडलेल्या शेतांत जाऊन अळ्या, अंडी, नुकसानग्रस्त पाने मोजतो. त्याच्या वरचा अधिकारी ती निरीक्षणे पडताळतो. विद्यापीठातील विषयतज्ज्ञ आकडे वाचून सल्ला तयार करतो आणि तो कृषी विभागामार्फत शेतकऱ्यांपर्यंत जातो. सर्वेक्षक सल्ला लिहीत नाही आणि तज्ज्ञ शेतातील आकडा बदलत नाही.

प्रवेशाधिकारांचे सगळे शास्त्र या शेवटच्या वाक्यात आहे. अधिकार पदावरून ठरत नाही, कामावरून ठरतो. विभागप्रमुख पदाने सर्वांत वरिष्ठ असला तरी सापळ्यातील पतंगांचा आकडा बदलण्याचे त्याला काही कारण नसते. त्याला तो पाहता आला म्हणजे पुरे. आपल्याकडे वरिष्ठाला ‘फक्त पाहण्याचा’ अधिकार देणे म्हणजे त्याचा अवमान, अशी एक समजूत आहे. त्यामुळे तक्ता तयार होताच ज्येष्ठतेच्या क्रमाने सर्वांना संपादनाचा अधिकार वाटला जातो. ही समजूत जितक्या लवकर सुटेल तितके बरे.

क्रॉपसॅपसारख्या मोठ्या प्रकल्पासाठी स्वतंत्र प्रणाली असते आणि तिच्यात प्रत्येकाचे लॉगिन त्याच्या कामापुरते बांधलेले असते. जिल्ह्यातील एखादे कृषी विज्ञान केंद्र, दोन-तीन वर्षांचा एखादा प्रायोगिक प्रकल्प, आचार्य पदवीच्या विद्यार्थ्याचे संशोधन, अशा लहान कामांना ती चैन परवडत नाही. तेथे गूगल शीट्स किंवा ऑनलाइन एक्सेल वापरले जाते आणि ते योग्यच आहे. त्यातही हीच विभागणी करता येते. ती आपोआप होत नाही, एवढेच.

एका स्तंभाची किंमत

गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. आता असे कल्पावे की एका तालुक्यातील चाळीस गावांच्या सापळ्यांचे आकडे एका सामायिक तक्त्यात भरले जात आहेत आणि तीस जणांना संपादनाचा अधिकार आहे. त्यांपैकी एकाला आपले गाव चटकन सापडावे म्हणून तो गावांच्या नावांचा स्तंभ निवडतो आणि अकारविल्हे लावतो. गूगल शीट्समध्ये एकच स्तंभ निवडून केवळ त्या पल्ल्याची क्रमवारी लावली तर तेवढाच स्तंभ हलतो. शेजारचे आकडे जागीच राहतात. तक्ता दिसायला व्यवस्थितच दिसतो. कोठे लाल खूण नाही, कोठे रिकामा चौकोन नाही. पण अकरा पतंगांचा आकडा आता अशा गावासमोर आहे जेथे प्रत्यक्षात दोनच पतंग सापडले होते.

त्या आठवड्याचा सल्ला या तक्त्यावरून निघाला तर एका गावात विनाकारण फवारणी होईल आणि दुसऱ्या गावात अळी बोंडात शिरेपर्यंत कोणी काही करणार नाही. एकदा अळी बोंडात गेली की फवारणीचा तिला फारसा उपद्रव होत नाही. आणि विनाकारण फवारणी ही केवळ खर्चाची बाब नव्हे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे निराळी व अनेक होती, तक्त्याचा तेथे संबंध नव्हता. पण फवारणीची शिफारस करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या आकड्यामागे पाठीवर पंप घेतलेला एक माणूस उभा आहे हे ध्यानात ठेवावे, एवढे त्या हंगामाने शिकवले आहे.

वरील चूक करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. सामायिक तक्त्यांतील बहुतेक हानी अशीच होते. चोर, हॅकर किंवा स्पर्धक कंपनी यांच्याविषयी जेवढी चर्चा होते त्याच्या दशांशानेही मदतीस धावून येणाऱ्या सहकाऱ्याविषयी होत नाही.

उपाय फार अवघड नाहीत. शेतातून आकडे पाठविणाऱ्याला मूळ तक्ता दाखवूच नये. त्याच्यासाठी गूगल फॉर्म किंवा कोबोटूलबॉक्ससारख्या साधनातील प्रपत्र द्यावे. प्रपत्र भरणाऱ्याला तक्त्याचा अधिकार लागत नाही. तो आपली नोंद टाकतो आणि बाहेर पडतो. दुसऱ्याच्या नोंदीला त्याचा हात लागू शकत नाही. प्रपत्रात ‘उत्तरांचा सारांश दाखवा’ हा पर्याय बंद असल्याची खात्री मात्र करावी. तो चालू असल्यास उत्तरे देणाऱ्या प्रत्येकाला इतरांच्या उत्तरांचा गोषवारा दिसतो. ज्यांना आकडे चाळून पाहायचे आहेत त्यांना ‘फिल्टर व्ह्यू’ वापरण्यास शिकवावे. त्यात लावलेली क्रमवारी फक्त पाहणाऱ्यापुरती राहते, मूळ ओळी जागच्या हलत नाहीत. हे शिकवायला दहा मिनिटे लागतात.

अधिकारांचे चार प्रकार आणि त्यांच्या पोटात दडलेल्या गोष्टी

गूगलच्या तक्त्यांत व दस्तऐवजांत पाहणारा, टिप्पणी करणारा, संपादक आणि मालक असे चार स्तर आहेत. नावे सोपी आहेत. त्यांचे अर्थ मात्र समजतात तेवढे सोपे नाहीत.

पाहणारा केवळ पाहतो असे नाही. मालकाने वेगळी मनाई केली नसेल तर तो तक्ता उतरवून घेऊ शकतो, छापू शकतो आणि त्याची स्वतःची प्रत करू शकतो. ती प्रत मग त्याच्या मालकीची होते. मूळ तक्त्यातील त्याचा अधिकार दुसऱ्या दिवशी काढला तरी प्रत त्याच्याकडेच राहते. सेटिंग्जमध्ये ही सोय बंद करता येते. तथापि मोबाइलवर पडद्याचे छायाचित्र घेण्यापासून कोणतीही प्रणाली कोणाला रोखू शकत नाही, हे गृहीत धरूनच काय दाखवायचे ते ठरवावे.

टिप्पणी करणारा हा स्तर संशोधन संस्थांत जवळजवळ दुर्लक्षित आहे, आणि तो सर्वांत उपयोगी आहे. वार्षिक अहवालाचा मसुदा, शिफारशींचे टिपण, शोधनिबंधाचे हस्तलिखित अशा दस्तऐवजांत सहलेखकांना हाच अधिकार द्यावा. ते दुरुस्ती सुचवू शकतात. सुचविलेली दुरुस्ती स्वीकारायची की नाही हे संपादकाकडे राहते. ‘क्विनॉलफॉस’च्या मात्रेतील दशांश चिन्ह कोणी सरकवले, असा शोध मग छापून झाल्यावर घ्यावा लागत नाही.

संपादकाविषयी सर्वांत मोठा गैरसमज आहे. पूर्वनिर्धारित स्थितीत संपादक केवळ मजकूर बदलत नाही. तो इतरांना आत घेऊ शकतो, त्यांचे अधिकार बदलू शकतो, तक्ता सर्वांसाठी खुलाही करू शकतो. मालकाने पाच संपादक नेमले आणि त्यांनी आणखी पाच-पाच नेमले, की पंधरवड्यात मालकाला आत कोण आहे याचा पत्ता लागत नाही. सामायिक करण्याच्या खिडकीतील सेटिंग्जच्या चिन्हावर टिचकी मारून ‘संपादक अधिकार बदलू शकतात’ ही खूण काढून टाकता येते. नवा तक्ता तयार केल्यावर पहिले काम हे असावे.

एका तक्त्यातील काही भागच कुलूपबंद करण्याचीही सोय आहे. ‘डेटा’ या यादीत जाऊन पान किंवा पल्ला संरक्षित केला की ठरावीक व्यक्तींखेरीज तेथे कोणी बदल करू शकत नाही. उपचारांची नावे, भूखंड क्रमांक, सूत्रे असलेले स्तंभ यांना हे संरक्षण अवश्य द्यावे. पण हे संरक्षण अपघाताविरुद्ध आहे, गुप्ततेसाठी नाही. संरक्षित पान इतरांना दिसते आणि त्याची प्रतही होते.

तक्त्यातून तक्त्यात आकडे ओढून आणणारे ‘इम्पोर्टरेंज’ हे सूत्र अनेक सांख्यिकी सहायकांच्या आवडीचे आहे. जिल्ह्यांच्या तक्त्यांतून विभागाचा गोषवारा तयार करण्यास ते उत्तम आहे. त्यातील मेख अशी की एकदा परवानगी दिली की गोषवारा असलेल्या तक्त्याचा कोणताही संपादक मूळ तक्त्याचा कोणताही भाग त्या सूत्राने ओढू शकतो. परवानगी दिली होती पतंगांच्या आकड्यांसाठी. पण शेजारच्या पानावर शेतकऱ्यांचे मोबाइल क्रमांक असतील तर तेही उघडे पडले. ज्याने परवानगी दिली त्याला मूळ तक्त्यातून काढेपर्यंत ही वाट चालूच राहते. म्हणून व्यक्तिगत माहिती आणि कीटकांची निरीक्षणे एका तक्त्याच्या दोन पानांवर ठेवू नयेत. दोन स्वतंत्र तक्ते करावेत आणि त्यांना जोडणारा केवळ एक सांकेतिक क्रमांक असावा.

लिंक म्हणजे निमंत्रण नव्हे, उघडे दार

‘लिंक असलेल्या कोणालाही’ ही सोय घाईत निवडली जाते, कारण चाळीस ई-मेल पत्ते टाकण्यापेक्षा व्हॉट्सअॅप समूहावर एक लिंक टाकणे सोपे असते. लिंक लांबलचक आणि अंदाज न करता येणारी असते, म्हणून ती गुप्त आहे असे वाटते. समूहावर टाकलेली लिंक पुढे कोठे गेली हे मात्र कोणी सांगू शकत नाही. जुलै २०१८ मध्ये यांडेक्स या रशियन शोधयंत्राच्या निकालांत अनेकांचे गूगल दस्तऐवज दिसू लागले. कोणी कुलूप फोडले नव्हते. लॉगिनशिवाय उघडणारी पानेच शोधयंत्राने टिपली होती, आणि मालकांनी ती तशी ठेवली होती.

लिंकवर संपादनाचा अधिकार दिला तर आणखी एक गोष्ट घडते. लॉगिन न करता आलेल्या व्यक्तीचे नाव तक्त्यात दिसत नाही. तिच्या जागी ‘अनामिक’ अशी पाटी आणि एखाद्या प्राण्याचे चित्र दिसते. कीटकांच्या गणनेच्या तक्त्यात कॅपिबारा आणि वटवाघूळ फिरताना पाहून प्रथम गंमत वाटते. आवृत्ती-इतिहासात आकडा कोणी बदलला याचे उत्तरही ‘अनामिक’ असेच मिळते तेव्हा ती ओसरते.

‘वेबवर प्रकाशित करा’ ही सोय सामायिक करण्याच्या खिडकीपासून वेगळी आहे, हेही लक्षात ठेवावे. तक्ता कधीकाळी प्रकाशित केला असेल तर त्याचे प्रकाशन स्वतंत्रपणे थांबवावे लागते. सामायिक अधिकार मर्यादित केले म्हणजे ते आपोआप थांबले असे समजू नये.

खुल्या लिंकचा एक धोका विशेषतः कीटकशास्त्राशी निगडित आहे. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद कर्नाटकात झाली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आढळली. अशा परकीय किडीच्या बाबतीत पहिल्या संशयापासून ओळख निश्चित होईपर्यंतचा काळ नाजूक असतो. अळीच्या डोक्यावरील उलट्या इंग्रजी वाय आकाराची खूण आणि शेवटून दुसऱ्या वलयावरील चार ठिपके पाहून शंका घेता येते. खात्रीसाठी प्रौढ पतंगांची शरीररचना किंवा डीएनएची तपासणी करावी लागते. सर्वेक्षकाने तक्त्यात ‘संशयित’ असे लिहिलेले असते. तक्ता खुला असेल तर त्या ओळीचे छायाचित्र तासाभरात तालुक्यातील समूहांवर फिरते आणि ‘संशयित’ हा शब्द वाटेतच गळून पडतो. कृषी सेवा केंद्रांसमोर रांगा लागण्यास तेवढे पुरते. शंका लपवू नये, ती तातडीने योग्य तज्ज्ञाकडे जावी. परंतु ओळख निश्चितीचा स्तंभ ज्याच्या सहीने बंद होतो त्याच्या आधी तो सर्वांसमोर उघडू नये.

लपविलेले पान लपलेले नसते

समन्वित चाचण्यांत वाणांना संकेतांक दिलेले असतात. निरीक्षणे घेणाऱ्याला कोणत्या संकेतांकामागे कोणत्या संस्थेचा वाण आहे हे कळू नये, म्हणजे त्याचा हात नकळतही झुकणार नाही, असा त्यामागील हेतू असतो. संकेतांकांची किल्ली त्याच तक्त्यात वेगळ्या पानावर ठेवून ते पान ‘लपवा’ या आज्ञेने नाहीसे करण्याचा मोह अनेकांना होतो. संपादकाला ते पान दोन टिचक्यांत दिसते. पाहणाऱ्याला मूळ तक्त्यात ते उघडता आले नाही तरी प्रत करून घेऊन तो स्वतःच्या प्रतीत ते उघडू शकतो.

याची किंमत किती असू शकते हे उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाच्या उदाहरणावरून दिसते. ऑगस्ट २०२३ मध्ये माहितीच्या अधिकाराखालील एका अर्जाला उत्तर म्हणून त्या दलाने एक स्प्रेडशीट दिली. अर्जदाराने हुद्द्यांनुसार संख्या मागितली होती. त्या फाइलीत ज्या मूळ आकड्यांवरून ती संख्या काढली होती ते पानही राहून गेले, आणि त्यात ९,४८३ अधिकारी व कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे व नेमणुकीची ठिकाणे होती. फाइल संकेतस्थळावर सुमारे अडीच तास राहिली. सशस्त्र गटांच्या धाकाने आपली नोकरी शेजाऱ्यांपासूनही लपविणाऱ्या माणसांची ती यादी होती. पुढील वर्षी ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला.

आपल्याकडेही २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली चाचण्यांचे, अनुदानाचे, प्रात्यक्षिकांचे तपशील मागितले जातात. उत्तर म्हणून कामाचा तक्ता कधीही देऊ नये. जेवढी माहिती मागितली आहे तेवढीच नव्या, कोऱ्या फाइलीत केवळ मूल्ये म्हणून चिकटवून द्यावी, किंवा पीडीएफ करावी. संकेतांकांची किल्ली ज्या फाइलीत असते तिचा अधिकार समन्वयकाखेरीज एकाच दुसऱ्या व्यक्तीकडे असावा. दुसरी व्यक्ती आवश्यक आहे, कारण समन्वयक आजारी पडू शकतो.

शेतकऱ्यांच्या माहितीबाबत आता कायद्याचीही बाजू आहे. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये मंजूर झाला. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. संशोधन व संख्याशास्त्रीय कामासाठी सवलत आहे. पण ती माहिती एखाद्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी वापरली जात नसेल आणि विहित मानके पाळली जात असतील तरच. ‘आमचे संशोधन आहे’ एवढे म्हणून भागणार नाही. दंडाची भीती बाजूला ठेवली तरी शेताचे अक्षांश-रेखांश, मालकाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि ‘किडीचा प्रादुर्भाव तीव्र’ ही चार माहितीखंडे एकत्र आली की ती कीटकनाशक विकणाऱ्यासाठी तयार ग्राहकयादी होते, हे उघड आहे.

येथे एक साधी युक्ती उपयोगी पडते. अक्षांशाचा चौथा दशांश सुमारे अकरा मीटरचे अंतर दाखवितो, म्हणजे थेट बांधावर नेऊन पोचवितो. दुसऱ्या दशांशापर्यंत आकडा पूर्णांकित केला तर अचूकता सुमारे एक किलोमीटरवर येते. किडीच्या प्रसाराचा नकाशा काढण्यास ती पुरेशी असते आणि शेतकऱ्याचे दार सापडत नाही. पूर्ण अचूक आकडे मूळ तक्त्यात राहावेत; इतर केंद्रांना, विद्यार्थ्यांना, वार्ताहरांना जाणाऱ्या प्रतीत दोनच दशांश असावेत.

मालकी: संस्थेची की खात्याची?

मुन्शी घाटाचा एक भाग विकला गेला तेव्हा तो कोणाकडून कोणाकडे गेला हे कळण्याची सोय होती. संस्थेच्या तक्त्यांची स्थिती अनेकदा याहून वाईट असते. प्रकल्प सुरू होताना वरिष्ठ संशोधन सहायक आपल्या वैयक्तिक जीमेल खात्यात तक्ता तयार करतो. तीन वर्षे सर्वजण तो वापरतात. तक्त्याच्या शिरोभागी संस्थेचे बोधचिन्ह असते, अनुदान संस्थेचे असते, निरीक्षणे संस्थेच्या प्रक्षेत्रावरील असतात. गूगलच्या लेखी मालक मात्र तो सहायक असतो. त्याची मुदत संपते, तो दुसऱ्या राज्यात जातो, खाते बदलतो. वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरात नसल्यास ते त्यातील फाइलींसह काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. कोणाचाही दोष नसताना तीन हंगामांची निरीक्षणे एका सकाळी नाहीशी होऊ शकतात.

मालकी हस्तांतरित करता येते. पण त्यालाही अटी आहेत. वैयक्तिक खात्यांमध्ये नव्या मालकाने निमंत्रण स्वीकारल्यावरच ती जाते. संस्थेच्या खात्यातील फाइल त्याच संस्थेतील व्यक्तीकडेच जाऊ शकते, बाहेरच्या वैयक्तिक खात्याकडे नाही. म्हणून निरोप समारंभाच्या दिवशी हे काम काढू नये. ज्या संस्थांकडे गूगल वर्कस्पेस आहे त्यांनी ‘शेअर्ड ड्राइव्ह’ वापरावा. त्यातील फाइली व्यक्तीच्या नसून संस्थेच्या असतात आणि माणूस गेला तरी जागच्या जागी राहतात. ज्यांच्याकडे ती सोय नाही त्यांनी प्रकल्पाच्या नावाने एक खाते उघडावे. त्याचा पासवर्ड भिंतीवरील दिनदर्शिकेवर न लिहिता मोहोरबंद पाकिटात कार्यालय अधीक्षकांकडे ठेवावा आणि दोन-टप्पी पडताळणीचा मोबाइल क्रमांक कोणाचा आहे हेही पाकिटावर नोंदवावे. हा क्रमांक निवृत्त अधिकाऱ्याचा असल्याचे नेमके निधी विनियोग प्रमाणपत्र देण्याच्या आठवड्यात उघडकीस येते.

फोल्डर सामायिक करताना विशेष सावध असावे. फोल्डरचा अधिकार त्यातील प्रत्येक फाइलीला लागू होतो, आणि पुढे त्यात टाकल्या जाणाऱ्या फाइलींनाही. ‘प्रकल्प २०२४’ हे फोल्डर बाहेरच्या सहकाऱ्याला छायाचित्रांसाठी उघडले आणि सहा महिन्यांनी कोणी त्यात मजुरांच्या बँक खात्यांची यादी ठेवली, असे सहज होते. बाहेर जाणाऱ्या वस्तूंसाठी फोल्डरच निराळे असावे.

हंगाम संपताना

कागदी नोंदवहीत शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ ओढून सही करण्याची पद्धत होती. ऑनलाइन तक्त्यात तशी रेघ ओढण्याचा दिवस कोणी ठरवत नाही, त्यामुळे तक्ता कायम उघडा राहतो. शेवटची वेचणी झाल्यावर आणि आकडे पडताळल्यावर आवृत्ती-इतिहासात त्या दिवसाच्या आवृत्तीला नाव द्यावे, ‘खरीप अंतिम’ एवढे पुरे. तक्त्याची सीएसव्ही प्रत संस्थेच्या संगणकावर उतरवून घ्यावी, कारण ऑनलाइन प्रत ही राखीव प्रत नव्हे. मग सर्व संपादकांना पाहणाऱ्याच्या स्तरावर आणावे. विश्लेषणात चूक सापडली तर मूळ आकडा बदलू नये. शेजारच्या स्तंभात दुरुस्ती, तारीख आणि कारण लिहावे. हा नियम कीटकसंग्रहालयातील चिठ्ठीसारखाच आहे. टाचणीवरील जुनी चिठ्ठी ओळख चुकीची ठरली तरी काढत नाहीत, तिच्याखाली नवी लावतात.

कंत्राटी सर्वेक्षकांच्या अधिकारांसाठी संस्थेच्या सशुल्क खात्यांत समाप्तीची तारीख आधीच घालता येते. मोफत खात्यांत ती सोय नसते. तेथे हाताने काढावे लागते. लक्षात राहावे म्हणून ते भांडाराच्या कामाला जोडून टाकावे. ज्या दिवशी कामगंध सापळे मोजून भांडारात जमा होतात, त्याच दिवशी सामायिक करण्याची खिडकी उघडून नावांची यादी वाचावी आणि जमा झालेल्या प्रत्येक सापळ्यामागचे नाव तेथून काढावे. पुढच्या जूनमध्ये तोच सर्वेक्षक परत आला तर त्याला नव्या हंगामाच्या प्रपत्राची लिंक मिळेल. मागच्या वर्षीच्या तक्त्याची त्याला गरज नाही.

यादी वाचताना एखादे नाव कोणाचे आहे हे खोलीतील कोणालाच सांगता आले नाही, तर त्याला विचारण्यासाठी थांबू नये. ते आधी काढावे. त्याला खरोखर काम असेल तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी दूरध्वनी करील.